तापलं की थांबतं

बेळगावला जुनी माणसं ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणत. अडीच हजार फुटांची उंची, पश्चिमेकडून येणारा वारा आणि मे महिन्यात एखाद-दुसरा वळीव, एवढ्या भांडवलावर हे नाव बरीच वर्षं चाललं. त्या काळी घराघरांत पंखेसुद्धा नव्हते. आता मार्च सरता सरताच दुपारी खडेबाजारातून चालताना माणूस सावली शोधतो. माणूस सावलीला जाऊन उभा तरी राहू शकतो. गर्दीत अडकलेल्या मोटारीला ती सोय नाही. ती जागच्या जागी तापते, आणि जुनी असली तर जागच्या जागी थांबते.

आमच्या घरी अशी एक मोटार आहे. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, घरच्यांच्या तोंडी फियाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाटच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. गोल पाठीची जी पहिली अकराशे होती, तिला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ केलं. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची डिलाइट आली, १९७२ मध्ये तीच प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. अंग तेच, फक्त नाव बदललेलं. सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्या गावांनी, रस्त्यांनी आणि शाळांनीही एका जन्मात दोन-दोन नावं पाहिली आहेत.

आमची गाडी १९७८ सालची. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८३ साली एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. नव्या गाडीसाठी त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि अप्पांची वकिली तशी बेताचीच होती. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. तिच्यात बसून आम्ही भावंडं शिकायला गेलो, लग्नाच्या वऱ्हाडात गेलो, आणि अप्पांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. धाकट्या भावाने पुण्याहून फोन केला, “दादा, आता तरी काढ. भंगारात चांगला भाव येईल.” तोवर त्याच्या या बोलण्याला एक कारणही मिळालेलं होतं. गेले दोन उन्हाळे गाडी वाटेत बंद पडत होती.

ती बंद पडायची तऱ्हा मात्र पाहण्यासारखी होती. सकाळी सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू. पावसाळ्यात, थंडीत काही तक्रार नाही. पण एप्रिल-मेच्या दुपारी वीस-पंचवीस किलोमीटर चालून झाली, किंवा गावातल्या गर्दीत पंधरा मिनिटं रखडली, की आधी एखादा आचका देई. मग अडखळत पुढे जाई, पाय दाबला तरी जोर धरत नसे, आणि शेवटी गप्प होई. त्यानंतर कितीही सेल्फ मारा, नुसती घरघर. अर्ध्या तासाने मात्र काहीच झालं नाही अशा थाटात चालू. रेडिएटर उकळत नसे, पाणी कमी झालेलं नसे. गॅरेजात न्यावी तर तिथे पोचेपर्यंत ती निवलेली. गॅरेजवाला बॉनेट उघडून ऐके, म्हणे, “सर, इंजिन घड्याळासारखं चाललंय की!”

दोन गॅरेजांतून दोन मतं मिळाली. एकाने इग्निशन कॉईल बदलली. दुसऱ्याने कंडेन्सर आणि चारही प्लग. प्रत्येक वेळी गाडी चारसहा दिवस बरी चाले, आणि त्या चारसहा दिवसांत ऊन जरा उतरलेलं असे हे नंतर ध्यानात येई. तिसऱ्याने तर हत्यारालाही हात लावला नाही. बॉनेटवर थाप मारून म्हणाला, “वय झालं, सर.”

हे वाक्य मला तेव्हा फार ऐकू येत होतं. कारण घरात आईचंही तेच चाललं होतं. तिला ब्याऐंशी पूर्ण झालेली. उन्हाळ्यात दुपारी जेवून उठली की तिला डोळ्यांपुढे अंधारी येई. एकदा देवघराच्या उंबऱ्याशी ती पडता पडता वाचली. सकाळी दवाखान्यात न्यावं तर रक्तदाब उत्तम, नाडी उत्तम. डॉक्टर हसून म्हणत, “आजी, वय झालं. जपून राहायचं.” जपून राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे आईनेही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुने मेस्त्री आहेत. हात आता थरथरतो म्हणून गॅरेज मुलाच्या ताब्यात दिलेलं, पण खुर्ची टाकून बसतात. मराठी, कानडी आणि दखनी एकाच वाक्यात सुखाने नांदवतात. त्यांनी माझी हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, “बंद पडल्यावर लगेच काय बघितलं?” मी म्हटलं, बघणार काय, सावली बघितली. ते म्हणाले, “सर, बिसी आगेत्री म्हणून जे बंद पडतं, ते बिसी असतानाच बघायचं. थंड झाल्यावर चोर घरात राहतो काय?”

मग त्यांनी मला जो धडा दिला, तो मी वर्गात द्यावा इतका नीटस होता. इंजिनाला तीन गोष्टी लागतात, हवा, पेट्रोल आणि ठिणगी. हवा काही उन्हाने नाहीशी होत नाही. म्हणजे संशयित दोनच उरले. कॉईलच्या आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जुन्या कॉईलमध्ये तापल्यावर एखादी तार आतल्या आत सुटते आणि निवल्यावर पुन्हा टेकते. कंडेन्सर तापून बिघडला तर डेल्कोतले पॉईंट जळू लागतात आणि ठिणगी निळी न पडता पिवळट, मरतुकडी पडते. दुसरा संशयित पेट्रोल. टाकीच्या झाकणाचं वारं जाण्याचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल अडतं. तसं असेल तर झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज येतो. आणि शेवटी एसी पंप.

इथे एक शब्द सांगायला हवा. एसी पंप म्हणजे थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही. इंजिनाच्या अंगाला बोल्टने बसवलेला, कॅमच्या धक्क्यांनी चालणारा पेट्रोलचा पंप, त्याला आपल्याकडच्या सगळ्या गॅरेजांत हेच नाव. एका परदेशी कंपनीच्या सुट्या भागांवर ‘एसी’ ही अक्षरं असत, तीच नामाच्या जागी बसली. डेल्कोचंही तसंच. भाषाशास्त्र शिकताना आम्ही असल्या शब्दांची उदाहरणं पुस्तकात शोधत होतो. ती सगळी गॅरेजच्या फळीवर मांडून ठेवलेली होती.

मेस्त्रींनी मला क्रम पाठ करायला लावला. गाडी बंद पडली की पहिल्या दोन मिनिटांत टाकीचं झाकण उघडून ऐकायचं. मग एका प्लगची वायर काढून, तिच्यात जुना प्लग बसवून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा, सेल्फ मारायला लावायचा आणि ठिणगीचा रंग बघायचा. तो प्लग बाजूला ठेवून, वायर जागेवर बसवल्यावरच पेट्रोलकडे वळायचं. ठिणगी आणि उघडं पेट्रोल एका वेळी कधीच नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. पेट्रोल बघताना कॉईलची वायर सोडायची, कार्बोरेटरला येणारी नळी काढून काचेच्या बाटलीत धरायची, आणि सेल्फवर पेट्रोलची पिचकारी येते का ते बघायचं. जवळ विडी-काडी असणारा कोणी उभा राहू द्यायचा नाही. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कुठल्याही सबबीवर उघडायचं नाही. डिकीत बाटली, जुना प्लग, दोन पाने आणि पाण्याचा कॅन तेव्हापासून कायमचे आले.

परीक्षेची वेळ मे २०२३ मध्ये आली. आमचं कुलदैवत गोव्यात, मंगेशीला. बेळगावातल्या पुष्कळ घरांचं असंच आहे. पोटाने कर्नाटकात, घरात मराठी आणि देव गोव्यात. आईला त्या वर्षी जायचंच होतं. “पुढच्या वर्षीचं कोणी सांगितलंय?” हे तिचं म्हणणं. भावाने भाड्याची मोठी गाडी करायला सांगितलं. आई म्हणाली, “अप्पा मला ज्या गाडीतून न्यायचे तिच्यातूनच जाईन.” पहाटे जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून आम्ही गेलो. जाताना काही त्रास झाला नाही. उतार होता आणि पहाट होती. अभिषेकाला गर्दी, त्यानंतर प्रसाद, असं करता करता निघायला दीड वाजला.

साखळी मागे पडली, केरी मागे पडलं आणि घाट सुरू झाला. चढ, दुसरा गिअर, वेग वीस-पंचवीसचा. वारा मागून, म्हणजे गाडीला वारा नाहीच. पाच-सहा वळणं झाली आणि तो ओळखीचा आचका आला. पुढच्या वळणावर रस्ता जरा रुंद होता तिथे गाडी कडेला घेतली आणि ती थांबली.

आईला झाडाखाली बसवावं म्हणून हिने दार उघडून हात दिला. आई उठून उभी राहिली, दोन पावलं चालली आणि तिचा तोल गेला. हिने आणि लेकीने तिला वरच्या वर धरलं. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. तिला आडवं केलं, पाय डबीवर उचलून ठेवले. पाच मिनिटांत डोळे उघडून म्हणाली, “काही नाही रे, आली होती ती गेली.” तिथे मोबाइलला रेंज नव्हती. खाली साखळी, वर कणकुंबी, दोन्ही दूर. घाटात दुपारी अडीच वाजता, ब्याऐंशी वर्षांची आई आणि पंचेचाळीस वर्षांची गाडी, दोघी एकाच जागी थांबलेल्या. आईजवळ तिघांनी बसून काही होणार नव्हतं. हिला तिच्याजवळ बसवून मी आणि लेक बॉनेटकडे वळलो.

टाकीचं झाकण उघडलं. आवाज नाही. आत पेट्रोल डुलत होतं, निघतानाच भरलेलं. प्लग टेकवला, लेकीने सेल्फ मारला. ठिणगी निळी, टणक, चटचट वाजणारी. कॉईल आणि कंडेन्सर, ज्यांच्यावर दोन उन्हाळे आळ होता आणि ज्यांच्या जागी नवे येऊनही तो आळ फिटला नव्हता, ते निर्दोष सुटले. मग प्लगची वायर बसवली, कॉईलची सोडली, नळी काढून बाटलीत धरली. सेल्फ फिरला. बाटलीत दोन थेंब आले आणि मग नुसता फुसफुसाट, बुडबुडे. टाकी भरलेली आणि नळी कोरडी!

एवढ्यात वरून उतरणारा एक ट्रक थांबला. चालक सौंदत्तीकडचा, कानडी. त्याने एक नजर आईकडे टाकली, एक बॉनेटखाली, आणि म्हणाला, “स्वल्प ताळ्री.” ट्रकमधून थंड पाण्याची बरणी आणून आधी आईला दिली, मग मला विचारलं, “अरवी ऐतेनु?” म्हणजे फडकं आहे का. आईने पडल्या पडल्या ते ऐकलं. बेळगावात साठ वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं कानडी येतंच. तिने पिशवीतून आपला सुती पंचा काढून दिला. त्या माणसाने तो भिजवला, पिळला आणि पंपावर व नळीवर गुंडाळला. दर दोन मिनिटांनी वर पाणी शिंपडत राहिला. दहा-बारा मिनिटांनी लेकीने पुन्हा सेल्फ मारला आणि बाटलीत पेट्रोलची पिचकारी चुळकन आली. मग नळी जोडली, वायर जोडली, सांडलेलं पुसून वाळू दिलं, आणि गाडी चालू झाली. त्या माणसाने चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. ओला पंचा पंपावर ठेवूनच आम्ही घाट चढलो. चोर्ल्याला वर आल्यावर वारा लागला, आणि मग बेळगावपर्यंत काही झालं नाही.

काय घडत होतं, ते आता थोडक्यात सांगतो. पाणी शंभर अंशांवर उकळतं हे आपण सातवीत शिकतो. पण पेट्रोल हा एकच एक द्रव नव्हे, ते मिश्रण आहे. त्यातले सर्वांत हलके भाग पस्तीस-चाळीस अंशांपासूनच वाफ होऊ लागतात, जड भाग दोनशेच्या आसपास. शिवाय एसी पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढलं की नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की उकळण्याचा बिंदूही खाली येतो. त्यात घाटाचा चढ, मंद वेग, बॉनेटखाली कोंडलेली उष्णता. नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो. वाफ मात्र दाबली की दबते आणि सोडली की फुगते. पंपाचा पडदा वर-खाली होत राहतो, बुडबुडा आकुंचतो, प्रसरतो, आणि पेट्रोल जागचं हलत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत होतं तेवढं संपलं की इंजिन बंद. इंग्रजीत याला व्हेपर लॉक म्हणतात. मेस्त्री म्हणतात, “गॅस धरला.” मला मेस्त्रींचा शब्द जास्त बरोबर वाटतो.

ओल्या पंचाची युक्ती माठाचीच. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं, पंप निवतो, आतली वाफ पुन्हा द्रव होते. नव्या गाड्यांत पंप विजेचा आणि टाकीतच बुडवलेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, दाबाने पुढे ढकलतो, म्हणून तिथे हा विकार सहसा होत नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना तो ऐकूनही ठाऊक नाही.

पण एक प्रश्न उरतच होता. गाडी पंचेचाळीस वर्षांची, मग हा त्रास आताच का? त्याचं उत्तर अप्पांच्या वहीत निघालं. अप्पांनी गाडीची एक वही ठेवली होती, दर पेट्रोलला किलोमीटर, दर दुरुस्तीला तारीख, सगळं वकिली अक्षरात. घाटातून आल्यावर मी ती पहिल्या पानापासून वाचली. मे १९८६ च्या पानावर हाच विकार होता: दुपारी, चढावर, तापल्यावर बंद, निवल्यावर चालू. आणि पुढे त्याच महिन्यात: पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घेतली, वर अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, पंपाखाली जाड पॅकिंग घातलं, त्रास गेला. त्यानंतर अप्पांच्या हयातीत त्या त्रासाचा उल्लेख नाही.

वही घेऊन मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी मुलाला बॉनेट उघडायला लावलं आणि बॅटरी धरून वाकून पाहिलं. अप्पांच्या मागे, २०१९ मध्ये, इंजिनाचं मोठं काम झालं होतं. त्या वेळी कोणीतरी जुनी नळी काढून नवी सरळ, जवळच्या वाटेने टाकली होती, एक्झॉस्टला जवळजवळ चिकटून. दोरी गेली होती. पंपाखालचं जाड पॅकिंग जाऊन तिथे पातळ कागदी आलं होतं. काम स्वच्छ होतं, दिसायला तर पहिल्यापेक्षा सुबक. करणाऱ्याला त्या वेड्यावाकड्या नळीमागचं कारण ठाऊक नव्हतं, एवढंच. त्यात पेट्रोलही बदललं. आपल्या देशात २०२२ पर्यंत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं आणि २०२५ मध्ये वीस टक्के. इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळलं की मिश्रणाची वाफ लवकर होते, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. नळी, पॅकिंग आणि पेट्रोल, अशी तीन कारणं तिघांच्या हातून जमली होती. ‘वय झालं’ हे चौथं कारण त्यात कुठेच नव्हतं.

मेस्त्रींच्या मुलाने नळी पुन्हा अप्पांच्या वाटेने फिरवली. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक म्हणून त्याऐवजी काचतंतूची पट्टी गुंडाळली. एक्झॉस्ट आणि पंप यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा आडवा बसवला. पॅकिंग बेकेलाइटचं, मूळच्या जाडीचं घातलं. ती जाडी वाटेल तशी ठेवून चालत नाही, तिच्यावर पंपाच्या दांड्याची झेप ठरते. रबरी तुकडे आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे बसवले. विजेचा पंप लावण्याचीही चर्चा झाली. मेस्त्री म्हणाले, “आधी हे करून उन्हात बघा. एका वेळी एकच औषध, म्हणजे गुण कशाला आला ते कळतं.” पुढचे तीन उन्हाळे गेले. विजेच्या पंपाची गरज पडली नाही.

आईची गोष्ट यात मधेच राहिली. घाटातून आल्यावर तिसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तरुण बाई आहेत. मी त्यांना मेस्त्रींच्या भाषेत सांगितलं की सकाळी बसून तपासलं तर काही सापडत नाही, दुपारी उठून उभी राहिली की होतं. त्यांनी दुपारची वेळ दिली. आईला पाच मिनिटं आडवं निजवून रक्तदाब मोजला, मग उभं करून एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसपेक्षा खूपच जास्त उतरला. लघवी जास्त करवणारी एक गोळी रक्तदाबासाठी तिला बरीच वर्षं चालू होती. उन्हाळ्यात घामाने आधीच पाणी जातं, त्यात ती गोळी. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं, उन्हाळ्यातली पाण्याची मोजणी लिहून दिली, आणि उठताना आधी दोन मिनिटं बसून मग उभं राहायला शिकवलं. औषध आपल्या मनाने कमी-जास्त करायचं नाही, हेही बजावलं. आईला त्यानंतर अंधारी आलेली नाही. अंगात वय आहेच. पण ते आजाराचं नाव नव्हे, आणि ते पुढे करून तपासणी थांबवायची नसते.

शाळेत मी हे आता जास्त कसोशीने पाळतो. आमच्याकडे घरी कानडी बोलणारी मुलं मराठी माध्यमात येतात, तशीच उलटीही. अशी पोरं मधल्या सुट्टीत दोन्ही भाषा फटाफट बोलतात आणि वर्गात उठून वाचायला सांगितलं की अडखळतात, थांबतात. शिक्षक शेरा देतात, ‘कच्चा’. अलीकडे मी त्या शिक्षकांना सांगतो की मुलाला माझ्या खोलीत एकटं बोलावून तपासू नका. तो तिथे निवलेला असतो, सगळं बरोबर वाचतो. वर्गातच, बाकीच्यांच्या नजरेखाली, तो कुठल्या शब्दाशी थांबतो ते वहीत टिपा. एका मुलाच्या बाबतीत असं टिपून निघालं ते इतकंच, की त्याला जोडाक्षरं फळ्यावर दिसतच नव्हती. चष्मा लागला.

भाऊ आता गाडी विकायचं बोलत नाही. गेल्या वर्षी तो दिवाळीला आला तेव्हा त्याने स्वतः ती नदीपर्यंत चालवून आणली आणि आल्यावर अप्पांची वही मागितली. तिच्यात २०२३ च्या पानावर मी लिहिलं आहे: चोर्ला घाट, दुपारी अडीच, दुसरा गिअर. ठिणगी निळी. पेट्रोल नाही, वाफ. नळी, पॅकिंग, पत्रा. नळी वाकडी दिसली तरी सरळ करू नये, कारण १९८६ चं पान पाहावे. खाली लेकीने तिच्या अक्षरात भर घातली आहे: डिकीत पंचा ठेवावा, सुतीच.